माझं नाव यातून काढा

चुलीवरचं आवरून, गुरांना वैरण टाकून तुम्ही रेडिओजवळ बसला असाल. आजचं बोलणं आम्ही एका अर्जापासून सुरू करतो.

मागच्या महिन्यात आमच्या एका गटाची बैठक संपत आली होती. हप्ते गोळा झाले, वही पूर्ण झाली, सगळ्या उठायच्या बेतात होत्या. तेवढ्यात एक वहिनी मागे थांबल्या. म्हणाल्या, "ताई, एक अर्ज लिहून द्या. तंटामुक्ती समितीत पुन्हा माझंच नाव घातलंय. मागच्या वेळी केलं, आता नको. माझं नाव यातून काढा, असं लिहा."

वहिनींची कारणं खरी होती. दारात दोन म्हशी, सासूबाईंचा गुडघा, धाकटा पहिलीत. समितीची बैठक रात्री नऊला, जेवणं झाल्यावर. मागच्या वर्षी त्या गेल्या तेव्हा त्यांना फक्त सहीपुरतं विचारलं गेलं. मग पुन्हा कशाला जायचं?

आम्ही कागद घेतला, वर 'विनंती अर्ज' असं लिहिलं आणि पेन तिथंच थांबलं. कारण असाच अर्ज दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावातल्या ताईंसाठी आम्हीच लिहून दिला होता. तो लगेच मंजूर झाला. "बाईमाणूस आहे, घरची कामं असतात," असं म्हणून सगळ्यांनी समजुतीनं घेतलं. त्यांच्या जागी दुसरी बाई काही कुणी घेतली नाही. पुढे चारेक महिन्यांनी त्याच गावातल्या एका सुनेचं प्रकरण समितीपुढं आलं. नवरा कसा मारतो, कुठं मारतो, हे तिला सांगायचं होतं. समोर पाहिलं तर सगळे पुरुष, त्यात सासऱ्यांच्या रोजच्या उठण्याबसण्यातले दोघे. तिनं पदर ओढला आणि म्हणाली, "काही नाही, मिटलं आमचं." कागदावर तंटा मिटल्याची नोंद झाली. नंतर ती आम्हाला म्हणाली, "एक जरी बाई तिथं बसलेली असती, तर मी बोलले असते."

ती खुर्ची रिकामी करणारा अर्ज आमच्या अक्षरात होता. म्हणून आज आम्ही 'सूट' या शब्दाचा इतिहास सांगणार आहोत. न्यायाच्या जागेवर बसायला बाईला बोलवायचं की नाही, आणि बोलवलं तर तिनं सूट मागावी की नाही, यावर जगात शंभर-दीडशे वर्षं भांडणं झाली आहेत. सगळ्यात जास्त झाली ती अमेरिकेत. पण गोष्ट आपल्या मुंबईपासून सुरू करू.

आधी ज्यूरी म्हणजे काय ते समजून घेऊ. इंग्रजांच्या पद्धतीत मोठा गुन्हा असला की न्यायाधीश एकटा निकाल देत नसे. साध्या नागरिकांतून काही जणांना बोलावून बसवत. त्यांना ज्यूरी म्हणायचं. त्यांनी दोन्ही बाजू ऐकायच्या आणि आरोपी दोषी की निर्दोष एवढं सांगायचं. शिक्षा किती ते न्यायाधीश ठरवणार. म्हणजे आपल्याकडच्या पंचांसारखंच, फक्त सरकारी कायद्यानं बांधलेलं. अमेरिकेत ही पद्धत आजही आहे. मतदार यादीतून, बऱ्याच ठिकाणी वाहन परवान्याच्या यादीतूनही, नावं निघतात आणि घरी पत्र येतं: अमुक दिवशी कोर्टात हजर राहा. हे पत्र टाळता येत नाही. जायचं नसेल तर कारण लिहून सूट मागावी लागते. आपल्या वहिनींसारखं, "मागच्या वेळी आले होते, पुन्हा मीच का?" असं म्हणणारे तिथंही पुष्कळ.

आपल्याकडे इंग्रजांनी ज्यूरी आणली ती निवडक ठिकाणी. त्यातला एक खटला मराठी माणूस विसरलेला नाही. १९०८ साली 'केसरी'तल्या लेखांवरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. मुंबईच्या हायकोर्टात न्यायमूर्ती दावर बसले होते. ज्यूरीत नऊ जण होते, त्यातले सात युरोपियन आणि दोन पारशी. लेख मराठीत आणि ज्यूरीपुढं ठेवली त्यांची इंग्रजी भाषांतरं. टिळकांनी स्वतः कित्येक तास उभं राहून शब्दांचे खरे अर्थ समजावले. २२ जुलैला रात्री निकाल आला. सात जण म्हणाले दोषी, दोघे म्हणाले निर्दोष. टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला पाठवलं गेलं आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला.

त्याआधी १८९७ च्या खटल्यातही असंच झालं होतं. सहा युरोपियन म्हणाले दोषी, तीन हिंदी म्हणाले निर्दोष. दोन्ही वेळा रेघ एकाच जागी पडली. आपल्याला यातून एक गोष्ट लगेच कळते. न्याय करायला बसलेल्याला तुमची भाषा, तुमचं जगणं ठाऊक नसेल, तर तुमचं बोलणं त्याच्या कानावर पडतं पण आत जात नाही. टिळकांच्या खटल्यापुरतं हे आपण सगळे मान्य करतो. आता दुसरा प्रश्न विचारू. त्या नऊ जणांत बाई किती? एकही नाही. असणारच नव्हती. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया कायद्यातल्या कलम ३१९ मध्येच लिहिलं होतं की ज्यूरीवर बसायला बांधील कोण, तर २१ ते ६० वयाचे पुरुष.

हे काही इंग्रजांनी आपल्यासाठी मुद्दाम काढलेलं नव्हतं. त्यांच्या घरीही तसंच होतं. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात बाई ज्यूरीवर बसायला अपात्र, आणि कारण काय, तर ती बाई आहे हेच. एकच अपवाद होता. फाशीची शिक्षा झालेली बाई म्हणाली की मी पोटुशी आहे, तर ते खरं की खोटं हे तपासायला बायकांची ज्यूरी बसवत. म्हणजे दुसरीच्या पोटाला हात लावून सांगण्यापुरती बाईची अक्कल चालायची. त्या फाशीच्या निकालाबद्दल मात्र तिला कुणी विचारत नसे. इंग्लंडमध्ये हा दरवाजा १९१९ च्या कायद्यानं उघडला आणि १९२० मध्ये पहिल्या बायका ज्यूरीत बसल्या.

अमेरिकेनं इंग्रजांचाच कायदा उचलला होता. तिथं पहिली फट पडली ती पश्चिमेकडच्या वायोमिंग नावाच्या प्रांतात. डोंगर, गुरं, रेल्वेचं काम आणि विरळ वस्ती असा तो मुलूख. १८६९ च्या डिसेंबरात तिथं बायकांना मताचा अधिकार मिळाला. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये लारामी गावच्या कोर्टात बायकांना ज्यूरीचं बोलावणं गेलं. केवढा गहजब झाला! वर्तमानपत्रांनी टिंगल केली. आई ज्यूरीत बसली आणि बाळ रडतंय, अशी थट्टा गावोगाव पोचली. तरी त्या बायका गेल्या, बसल्या, त्यांनी खटले ऐकले. पण १८७१ मध्ये न्यायाधीश बदलले आणि नव्या न्यायाधीशांनी बायकांना बोलावणं बंद केलं. वायोमिंगच्या बायका पुन्हा ज्यूरीत बसल्या त्या १९५० साली. मधल्या काळात त्यांचं मत शाबूत होतं, खुर्ची मात्र गेली. मत मिळालं म्हणजे जागा मिळाली असं नसतं, हे सरपंचपदाचं आरक्षण पाहिलेल्या आपल्या बायकांना वेगळं सांगायला नको.

तिकडं पूर्वेला, न्यूयॉर्क राज्यात, सुसान अँथनी नावाच्या बाई होत्या. बायकांना मत नसताना १८७२ च्या निवडणुकीत त्यांनी मत टाकलं. त्यांना अटक झाली. १८७३ मध्ये खटला उभा राहिला तेव्हा समोर बारा पुरुषांची ज्यूरी. त्यांनाही न्यायाधीशांनी विचार करू दिला नाही. "दोषी" असा निकाल द्या, असं त्यांनी सरळ सांगितलं. अँथनीबाईंना १०० डॉलर दंड झाला. त्या तिथंच म्हणाल्या की हा कायदा पुरुषांनी केला, त्याचा अर्थ पुरुषांनी लावला आणि निकालही पुरुषांनीच दिला. दंड त्यांनी कधीच भरला नाही.

बाई नसली तर नक्की काय हरवतं, हे कळायला एका शेतकरी घराची हकिकत सांगतो. आयोवा हे मक्याचं आणि डुकरांचं राज्य. १९०० च्या डिसेंबरात तिथं जॉन हॉसॅक या शेतकऱ्याचा झोपेत कुऱ्हाडीनं खून झाला. बायको मार्गारेट शेजारीच झोपली होती, मला काही कळलं नाही असं म्हणाली. घरात नवऱ्याचा जाच होता हे शेजारपाजाऱ्यांना ठाऊक होतं. त्या जाचाचं कोर्टात काय झालं? ती जाचाला कंटाळली होती म्हणजे तिनंच मारलं असणार, असा उलटा अर्थ निघाला. १९०१ मध्ये पुरुषांच्या ज्यूरीनं तिला दोषी ठरवलं. वरच्या कोर्टानं तो निकाल रद्द केला, दुसऱ्यांदा खटला चालला, त्यात ज्यूरीचं एकमत झालं नाही आणि ती सुटली.

त्या खटल्याच्या बातम्या देणारी एक तरुण मुलगी होती, सुसान ग्लास्पेल. तिच्या डोक्यातून तो खटला गेला नाही. पुढं १९१६ मध्ये तिनं त्यावर नाटक लिहिलं आणि १९१७ मध्ये कथा. त्यात खून झालेल्या घरात अधिकारी पुरुष वरच्या मजल्यावर पुरावा शोधत फिरतात. स्वयंपाकघरात काय असणार, नुसत्या बायकांच्या किरकोळ वस्तू, असं म्हणून ते हसतात. तिथं खाली थांबलेल्या दोन बायकांना मात्र सगळं दिसतं. अर्धवट राहिलेलं काम दिसतं. गोधडीचे टाके आधी नीट आहेत आणि एका ठिकाणी एकदम वेडेवाकडे झाले आहेत, ते दिसतं. शेवटी शिवणाच्या पेटीत मान मुरगळलेला एक पक्षी सापडतो आणि त्या घरात काय घडत होतं ते दोघींना उमगतं. मैत्रिणींनो, गोधडीचा टाका बिघडला म्हणजे शिवणारीचा हात का थरथरला असेल, हे कुणाला वाचता येईल? ज्यानं कधी सुई धरली नाही त्याला नाही येणार. यात पुरुष वाईट आहेत असा मुद्दा नाही. प्रत्येकाची नजर त्याच्या कामातून तयार होते, एवढंच.

१९२० मध्ये सगळ्या अमेरिकेतल्या बायकांना मताचा अधिकार मिळाला. वाटलं, आता ज्यूरीचं दारही उघडेल. काही राज्यांत उघडलं, काहींत नाही. मिसिसिपी राज्यानं तर १९६८ पर्यंत बायकांना ज्यूरीत घेतलं नाही. अलाबामाच्या एका जिल्ह्यात काळ्या लोकांना आणि बायकांना, दोघांनाही बाहेर ठेवलं जात होतं. १९६६ मध्ये कोर्टानं ते बेकायदा ठरवलं.

पण जिथं दार उघडलं तिथं एक नवी युक्ती आली, आणि आजच्या बोलण्यातली खरी गोष्ट तीच आहे. बायकांना "येऊ नका" असं म्हणणं बंद झालं. त्याऐवजी म्हणू लागले, "तुम्हाला त्रास नको. तुम्हाला सूट आहे."

फ्लोरिडा राज्यात नियम होता की पुरुषांची नावं आपोआप यादीत जातील. बाईला यायचं असेल तर तिनं स्वतः कोर्टाच्या कचेरीत जाऊन नाव नोंदवावं. टँपा शहराच्या भागात सुमारे ४६,००० महिला मतदार होत्या. नाव नोंदवलं होतं २२० जणींनी. ज्यूरीसाठी १०,००० नावांची यादी केली, तिच्यात बायका फक्त १०.

तिथं १९५७ साली ग्वेंडोलिन हॉइट या बाईनं नवऱ्याच्या डोक्यात चेंडू मारायचा लाकडी दांडा घातला आणि तो मेला. त्याचं बाहेर लफडं होतं. ती समेट करू पाहत होती, त्यानं झिडकारलं. ती म्हणाली की त्या क्षणी माझं भान सुटलं. सहा पुरुषांच्या ज्यूरीला निकाल द्यायला २५ मिनिटं लागली. तिला तीस वर्षांची सक्तमजुरी झाली. माझ्या ज्यूरीत बाई येऊच नये अशी ही व्यवस्था आहे, असं म्हणत ती सर्वोच्च न्यायालयात गेली. २० नोव्हेंबर १९६१ ला तिथल्या सगळ्या न्यायाधीशांनी एकमतानं तिचं म्हणणं फेटाळलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की बाई अजूनही घरसंसाराचा मध्यबिंदू मानली जाते, म्हणून राज्यानं तिला या कामातून मोकळं ठेवलं तर काही चूक नाही.

ऐकायला किती गोड! घराचा मध्यबिंदू. पण त्या गोड बोलण्यानं तुरुंगात कोण गेलं? एका घराचीच बाई.

आणि योगायोग बघा. बरोबर चार दिवसांनी, २४ नोव्हेंबर १९६१ ला, आपल्या सर्वोच्च न्यायालयानं मुंबईच्या नानावटी खटल्याचा निकाल दिला. नौदलातले कमांडर नानावटी यांनी १९५९ मध्ये बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या होत्या. मुंबईच्या ज्यूरीनं आठ विरुद्ध एक अशा मतांनी त्यांना निर्दोष म्हटलं. न्यायाधीशांना तो निकाल पटला नाही. त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडं पाठवलं आणि तिथं जन्मठेप झाली. ती सर्वोच्च न्यायालयानं कायम केली. दोन खटले वेगळे, पुरावे वेगळे, तुलना तंतोतंत होत नाही. पण संसार मोडला म्हणून हात उचललेल्या पुरुषाकडं आठ ज्यूरर समजून घेत पाहतात, आणि तशाच दुखावलेल्या बाईबद्दल सहा पुरुष पंचवीस मिनिटांत मोकळे होतात, हे चार दिवसांच्या अंतरानं कागदावर आलं. आपल्याकडं ज्यूरी हळूहळू कमी होत गेली आणि १९७३ च्या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात ती उरलीच नाही.

अमेरिकेत मात्र गोष्ट पुढं चालू राहिली. रूथ बेडर गिन्सबर्ग या वकीलबाईंनी बायकांच्या बरोबरीसाठी एकामागून एक खटले लढवले. पुढं १९९३ मध्ये त्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश झाल्या. १९७५ मध्ये लुइझियाना राज्याच्या एका खटल्यात न्यायालयानं मान्य केलं की ज्यूरीची यादी ही त्या भागातल्या माणसांचा खरा नमुना असली पाहिजे. तिथं ज्यूरीसाठी पात्र लोकांत ५३ टक्के बायका होत्या, आणि त्या आरोपीसाठी बोलावलेल्या १७५ जणांत एकही बाई नव्हती. शितावरून भाताची परीक्षा होते, खरं आहे. पण आधी भात तळापासून हलवावा लागतो. वरवरची शितं चिमटीत धरली तर तळाचा करपलेला भात कळतच नाही.

राहिली ती सूट. मिसुरी राज्यात कॅन्सस सिटीच्या भागात सगळ्यांची नावं चिठ्ठीनं निघत, बायकांचीही. पण पत्रावर बायकांसाठी वेगळा मजकूर छापलेला असे: तुम्हाला यायचं नसेल तर इथं तसं कळवा. कारण लिहायची गरज नाही, बाई असणं हेच कारण. त्यातूनही पत्राचं उत्तर आलं नाही किंवा ती त्या दिवशी आली नाही, तर तिनं सूट घेतली असं समजायचं. पुरुष आला नाही तर मात्र ते चालत नसे. आता आकडे ऐका. तिथल्या लोकसंख्येत बायका ५४ टक्के. बोलावणं गेलेल्यांत २६.७ टक्के. प्रत्यक्ष कोर्टात आलेल्यांत १४.५ टक्के. दळायला घेतलेलं पायलीभर धान्य प्रत्येक हाताशी सांडत गेलं आणि शेवटी मूठभर पीठ उरलं, तसं झालं. ड्युरेन नावाच्या आरोपीसाठी ५३ जण बोलावले, त्यात ५ बायका. अंतिम ज्यूरीत बाराच्या बारा पुरुष.

गिन्सबर्गबाईंनी न्यायालयाला सांगितलं की ही बायकांवरची मेहेरबानी वाटते, पण तिचा खरा अर्थ असा आहे की तुमचं मत कारभाराला लागत नाही, तुम्ही नसलात तरी चालतं. युक्तिवाद संपताना एका न्यायाधीशांनी त्यांना चिमटा काढला. तेव्हा नव्या डॉलरच्या नाण्यावर त्याच सुसान अँथनींचं चित्र येणार होतं. ते म्हणाले, मग नाण्यावर अँथनीबाई आल्या तेवढ्यानं तुमचं समाधान होणार नाही तर? जानेवारी १९७९ मध्ये आठ विरुद्ध एक मतानं निकाल बाईंच्या बाजूनं लागला. नुसती बाई आहे म्हणून मिळणारी सूट गेली.

मैत्रिणींनो, या दोन्ही खटल्यांतले आरोपी पुरुष होते आणि त्यांच्यावरचे गुन्हे गंभीर होते. ते काही आपले नायक नाहीत. बाई बसली म्हणजे ती आरोपीला सोडेल किंवा बाईचीच बाजू घेईल, असंही कुणाचं म्हणणं नव्हतं. सासू सुनेवर किती कठोर होऊ शकते ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणणं एवढंच होतं की निम्म्या गावाला बाहेर ठेवून झालेल्या निकालाला गावाचा निकाल म्हणता येणार नाही.

मग अमेरिकेत आज अडचण असलेल्या बाईनं करायचं काय? तिथं सूट आहेच, पण ती अडचणीला आहे. आजारपण असेल, घरी सांभाळायला दुसरं कुणी नसलेलं लेकरू किंवा म्हातारं माणूस असेल, तर कारण लिहून सूट किंवा पुढची तारीख मागता येते. पुरुषालाही तेच कारण चालतं. बऱ्याच राज्यांत अंगावर पाजणाऱ्या आईसाठी वेगळी तरतूद आहे. नुकतंच काम करून आलेल्याला लगेच पुन्हा बोलावू नये, असेही नियम आहेत. केंद्राच्या कोर्टात दिवसाला ५० डॉलर भत्ता मिळतो. तिथल्या मानानं तो फार नाही आणि त्यावर तक्रारीही होतात. पण विचार असा आहे की बोलवायचं असेल तर येणं जमेल अशी सोय करायची. आणि "पुन्हा मीच का?" याचं उत्तरही त्याच आकड्यांत आहे. यादी जितकी छोटी, तितकी तीच तीच नावं पुन्हा येतात. दहा जणी बाहेर पडल्या की अकरावीवर सगळा भार येतो.

आता आपल्या वहिनींकडं येऊ. आपल्याकडं ज्यूरी नाही. पण २००७ पासून गावोगाव तंटामुक्ती समित्या आल्या, ग्रामसभा आहे, महिला ग्रामसभा आहे, शाळेची समिती आहे. न्याय आणि निर्णय होतात अशा या आपल्या खुर्च्या. दारूबंदीच्या मतदानाचा नियमच पाहा. आलेल्या बायकांपैकी निम्म्या पुरत नाहीत. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे जी घरी बसली, तिचं मत मोजलं गेलंच, फक्त ते उभ्या बाटलीच्या बाजूनं गेलं.

हा सगळा इतिहास त्या दिवशी आम्ही वहिनींना एवढा लांबलचक सांगितला नाही. फक्त त्या दुसऱ्या गावातल्या सुनेची गोष्ट सांगितली आणि विचारलं, "वहिनी, तुम्हाला समिती नको आहे, की रात्रीचे नऊ नको आहेत?" त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "रात्रीचे नऊ नको. आणि नुसती सही नको."

मग आम्ही तोच कागद पुन्हा लिहिला. वर 'विनंती अर्ज' तसंच राहिलं. खाली 'माझं नाव काढा' ऐवजी चार ओळी आल्या. बैठक दिवसा घ्यावी. समितीत एकटी बाई न ठेवता किमान तीन जणी असाव्यात. काय ठरलं ते मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय सही मागू नये. एखादीच्या घरी अडचण असेल त्या दिवशी तिला रजा मिळावी आणि तिच्या जागी गटातली दुसरी बाई यावी. त्याखाली गटातल्या अकरा जणींच्या सह्या झाल्या. ज्यांना सही येत नव्हती त्या दोघींनी वहिनींकडून तिथंच गिरवून घेतली.

अर्ज दिला. बैठक आता रविवारी दुपारी चारला होते, एवढं मान्य झालंय. तीन बायकांचं अजून "बघू" वर अडलंय. येत्या ग्रामसभेत आम्ही ते पुन्हा मांडणार आहोत. वहिनी समितीत आहेत. पहिल्या रविवारी त्यांच्या म्हशींची धार जावेनं काढली.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते झाल्यावर वहीच्या मागच्या पानावर लिहून काढा. आपल्या गावात कोणत्या कोणत्या समित्या आहेत, त्यात बायका किती, बैठक किती वाजता होते, आणि आपल्यापैकी कुणी कुणी नाव काढायला सांगितलंय. नाव काढायला सांगितलेल्या बाईला बोल लावू नका. तिला काय अडतं ते विचारा आणि तेच अर्जात लिहा. मारहाणीसारखं गंभीर काही असेल तर समितीची वाट न बघता थेट पोलीस ठाण्यात किंवा संरक्षण अधिकाऱ्यांकडं जा, हेही प्रत्येकीला सांगून ठेवा.

आणि यापुढं आमच्याकडं कुणी असा अर्ज लिहायला आलं, तर आम्ही पेन उघडण्याआधी तो एक प्रश्न विचारणार आहोत. तुम्हीही विचारा. नमस्कार.